दुखायला लागलं साडेपाचला

ग्वाल्हेरच्या महाराजबाड्यावर उभं राहिलं की गोरखी समोरच लागते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे फौजेचा तळ टाकला, त्या तळाचं लष्कर शहर झालं, आणि शिंद्यांचा जुना वाडा म्हणजे गोरखी त्याच्या मध्यावर राहिली. शिंद्यांचं देवघर अजून तिथेच आहे. अटलबिहारी वाजपेयी तिथल्या शाळेत शिकले. आसपास चिटणीसांची गोठ आहे, पाटणकर बाजार आहे. ही नावं ऐकली की मराठी माणूस इथे किती पिढ्या राहतोय ते वेगळं सांगावं लागत नाही. १८९९ पासूनचं जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ मध्ये सुरू झालेलं गजराराजा मेडिकल कॉलेज इथून ऑटोने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. गोरखीतल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला तर दवाखाना लांब होता म्हणून तो दगावला, असं म्हणायला जागा नाही.

खालचा घटनाक्रम कुणा एका माणसाचा नाही. मोठा झटका ज्या वाटेने जातो ती वाट मी गोरखीमागच्या एका बोळात मांडली आहे. गृहस्थ, त्यांचं घर आणि रुग्णालय कल्पित आहे. औषधं, आकडे आणि अभ्यास खरे आहेत. वेळ उलटी मोजली आहे, कारण या आजारात तास कुठे खर्च झाले ते शेवटाकडून बघितल्यावरच कळतं. झटक्याच्या गोष्टीत आपल्याकडे डॉक्टर येतात, स्टेंट येतो, बिल येतं. सिस्टर मात्र कडेला उभी असते. खरं तर रुग्णालयातला बहुतेक वेळ तिच्याच हातात असतो.

पहाटे ५.३० : अरिष्टाला २३ तास

जानेवारीची पहाट, बाहेर दाट कोहरा. गृहस्थ त्रेपन्न वर्षांचे, सरकारी कचेरीत नोकरीला. आठ वर्षांपासून मधुमेह, आणि सिगरेट सुटलेली नाही. वय लवकरचं वाटेल, पण ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या झटक्याचं मधलं वय ५३ निघालं होतं. इतर देशांत ते जवळजवळ ५९ होतं.

दोन आठवडे जिना चढताना त्यांचा जबडा दुखत होता. वर पोचून जरा बसलं की दुखणं थांबायचं. दाढेचं असेल म्हणून दातांच्या डॉक्टरकडे जायचं ठरत होतं. ती दाढ नव्हती. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर आत्ता फाटतो. शरीर त्याला जखम समजतं आणि जखमेवर करतं तेच करतं, रक्त गोठवतं. पहाटे रक्तदाब वाढू लागतो, रक्त गोठायची प्रवृत्तीही वाढलेली असते, आणि थंडीने धमन्या आखडतात. झटक्यांची गर्दी सकाळच्या तासांत होते ती यामुळेच.

"अगं, छातीत भरून आल्यासारखं होतंय."

"रात्री उशिरा जेवलात ना. गॅस असेल. ओवा देते."

ओवा आणि काळं मीठ. घरातलं प्रेम अशा वेळी याच रूपात येतं, आणि त्यात कुणाला दोष द्यावासा मला वाटत नाही. मधुमेह्यांत तर दुखणं अनेकदा दुखण्यासारखं नसतंच. नुसती घबराहट होते, मळमळतं, हात जड पडतो, अंगातून जीव गेल्यासारखं वाटतं.

६.१५ : २२ तास १५ मिनिटं

रक्त पूर्ण थांबल्यावर वीसेक मिनिटांनी हृदयाचा स्नायू कायमचा मरायला लागतो. आधी आतला थर, मग हळूहळू बाहेरचा. सहा तासांत त्या धमनीवर अवलंबून असलेला बहुतेक भाग जातो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, त्या जागी वण राहतो आणि वण आकुंचन पावत नाही.

दुखणं थोडं कमी होतं. "बघ, उतरलं." मग परत चढतं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही नेमकं हेच वाटलं होतं. १९५५ च्या २३ सप्टेंबरला डेन्व्हरमध्ये ते गोल्फ खेळले, दुपारी कच्च्या कांद्याचा हॅम्बर्गर खाल्ला, आणि मध्यरात्रीनंतर छातीत दुखायला लागलं. त्यांचे खासगी डॉक्टर हॉवर्ड स्नायडर रात्रीच पोचले. तरी सकाळी वार्ताहरांना राष्ट्राध्यक्षांचं पोट बिघडल्याचंच सांगितलं गेलं. ईसीजी निघायला दुपार झाली आणि त्यात झटका दिसला. ते वाचले आणि पुढे साडेतेरा वर्षं जगले. पण ज्याच्या उशाशी स्वतःचा डॉक्टर होता त्याचीही पहिली सकाळ कांद्याच्या नावावर गेली.

८.०० : २० तास ३० मिनिटं

जवळच्या एका दवाखान्यात नाडी बघितली जाते, पोट दाबून बघितलं जातं आणि कमरेत ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं जातं. ईसीजी होत नाही. या इंजेक्शनची गोष्ट पुढे परत येणार आहे.

बेंबीच्या वर कुठेही, जबड्यापासून वरच्या पोटापर्यंत, पंधरा-वीस मिनिटं न हटणारं दुखणं आणि सोबत दरदरून घाम असेल, तर ईसीजी निघेपर्यंत ते हृदयाचं समजायचं. माणसाला आहे तिथे बसवायचं, चालवायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठून रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यायची. गिळायची नाही, चावायची, म्हणजे ती लवकर रक्तात उतरते. आणि १०८ ला फोन करायचा. या गोळीचं मोल आयसिस-२ नावाच्या अभ्यासाने १९८८ मध्ये दाखवून दिलं. १७,१८७ रुग्ण त्यात होते. ज्यांना ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालं त्यांच्यात पाच आठवड्यांतले मृत्यू ८ टक्के होते, ज्यांना दोन्ही मिळालं नाही त्यांच्यात १३.२ टक्के. गुठळी विरघळवणाऱ्या महागड्या औषधाने जेवढा फायदा झाला, जवळजवळ तेवढाच ॲस्पिरिनने एकटीने करून दाखवला.

घरात ॲस्पिरिन आहे. गृहस्थांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, बीपीच्या गोळ्यांच्या डब्यातच ती पट्टी पडलेली आहे. कुणाला ती आठवत नाही.

९.१५ : १९ तास १५ मिनिटं

मुलगा रात्रपाळीहून येतो. वडिलांचा चेहरा बघतो आणि गाडी काढतो. जुन्या वाड्याचा जिना अरुंद, पायऱ्या उंच, हाताला दोरी. दुसऱ्या मजल्यावरून गृहस्थ स्वतःच्या पायांनी उतरतात. मग बाईकवर पुढे मुलगा, मध्ये वडील, मागे त्यांना धरून बसलेला शेजारी. आपल्या गावांत झटक्याचे किती रुग्ण असे दोघांच्या मध्ये बसून येतात ते कुठल्याही अपघात विभागातली नर्स सांगेल. ज्या हृदयाला रक्त पुरत नाही त्याच्याकडून आपण त्याच वेळी जिन्याचं आणि तोल सांभाळण्याचं काम करून घेतो.

९.५० : १८ तास ४० मिनिटं

केसपेपरच्या खिडकीपुढे रांग आहे आणि मुलगा तिच्यात उभा राहायला निघतो. दाराशी असलेल्या सिस्टरची नजर मात्र वडिलांवर आहे. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, राखेसारखा रंग, उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध टेकवलेली.

"कागद नंतर. आधी बेडवर."

रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे आणि कुणीतरी तो वाचला पाहिजे, हा जगभरचा नियम. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात स्वेटर, त्याच्या आत दुसरा स्वेटर, थर्मल, सदरा. सिस्टर सदरा कात्रीने कापते. घामाने ओल्या छातीला इलेक्ट्रोड चिकटत नाही, म्हणून आधी कापसाने छाती कोरडी करते आणि जिथे केस दाट आहेत तिथे रेझर फिरवते. मग बोटांनी बरगड्या मोजत खाली येते. चौथ्या फटीत छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला पहिला, डाव्या कडेला दुसरा. चौथा पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली सोडलेल्या रेषेवर. तिसरा दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, आणि पुढचे दोन काखेकडे. एखादा इलेक्ट्रोड एक फट वर गेला तर कागदावर वेगळंच हृदय दिसतं. गृहस्थ थंडीने कुडकुडताहेत आणि त्या थरथरीने रेषा दातेरी येतेय. ती पायांवर, पोटावर घोंगडी टाकते, "हात ढिले सोडा, बाबूजी" म्हणते आणि दुसरी पट्टी काढते. ९.५७ ला कागद डॉक्टरांच्या हातात. पुढच्या भिंतीचा मोठा झटका.

सलाईनच्या दोन सुया एव्हाना लागलेल्या असतात. नाडी ११२, रक्तदाब १०४/७०, ऑक्सिजन ९४. तोंडात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. जिभेखालची सॉर्बिट्रेट ती लगेच देत नाही. रक्तदाब आधीच खालच्या बाजूला आहे, आणि ही गोळी तो आणखी पाडते. हृदयाच्या उजव्या भागाचा झटका असेल, किंवा माणसाने आदल्या दिवशी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल, तर हीच सॉर्बिट्रेट त्याला आडवा करू शकते. खिशातून सॉर्बिट्रेट काढून कुणालाही देणाऱ्या शेजाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

नातेवाईक मात्र दुसऱ्याच गोष्टीवर तापलेत. "ऑक्सिजन का नाही लावत?" सिस्टर त्यांना बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा दाखवते. ९० च्या खाली गेला तरच. स्वीडनमध्ये २०१७ मध्ये पुरा झालेल्या अभ्यासात ६,६२९ रुग्ण होते. ऑक्सिजन पुरेसा असताना वरून आणखी दिल्याने वर्षभरातले मृत्यू कमी झाले नाहीत. गर्दीच्या धाकाने मास्क लावून टाकणं सोपं असतं. दोन वाक्यांत समजावून सांगणं आणि आपल्या निर्णयावर ठाम राहणं हीसुद्धा शुश्रूषाच आहे.

मग ती सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारते. "दुखणं कधीपासून?"

"आत्ताच. नऊपासून," वहिनी सांगतात. मागच्या रिक्षाने त्या नुकत्याच पोचल्यात. घरचे लोक खोटं बोलत नाहीत, ते दुखणं वाढल्याची वेळ सांगतात. म्हणून सिस्टर पुन्हा विचारते, वेगळ्या तऱ्हेने. झोपेतून उठले का दुखण्याने? बाहेर अंधार होता का? दूधवाला येऊन गेला होता का?

दूधवाला सहाला येतो. त्याच्या आधी ओवा देऊन झाला होता.

ती फॉर्मवर लिहिते : ५.३०. आणि त्याखाली, कमरेत इंजेक्शन, सकाळी ८.

भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ केंद्रांवर २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवलेला क्रिएट हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मधला वेळ त्यात ३६० मिनिटं निघाला. सहा तास! आपले गृहस्थ चार तास वीस मिनिटांत आले, म्हणजे पुष्कळांपेक्षा लवकरच.

१०.१० : १८ तास २० मिनिटं

अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार असेल तर ती पहिली निवड. नाहीतर गुठळी विरघळवणारं औषध, आणि तेही शक्य तितक्या लवकर. अँजिओप्लास्टीची जमवाजमव, पैसे आणि संमती हे गणित दोन तासांत बसत नाही असं दिसतं, म्हणून स्ट्रेप्टोकायनेज ठरतं. आधी प्रश्न. पूर्वी कधी पक्षाघात? मेंदूत रक्तस्राव? अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार, काळा शौच?

सहीसाठी वहिनी पुण्यातल्या मोठ्या दिरांना फोन लावतात. लष्करातल्या कितीतरी मराठी घरांत आता थोरले निर्णय घेणारे पुण्यात, इंदूरमध्ये नाहीतर बंगळूरमध्ये असतात. फोन लागत नाही. लागतो तेव्हा ते तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणतात. क्रिएटमध्ये रुग्णालयाच्या दारापासून औषध सुरू होईपर्यंत मधला वेळ ५० मिनिटं होता. इथे ६५ लागतात.

१०.५५ : १७ तास ३५ मिनिटं

पंधरा लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज, तासाभरात. या तासात सिस्टर हलत नाही. औषधाने रक्तदाब घसरतो, तसा तो पंधराव्या मिनिटाला ८४ वर येतो. ती धार कमी करते, पाय वर करते, डॉक्टरांना सांगते, आणि आकडा सावरल्यावर धार पुन्हा वाढवते. हिरड्या बघते, सुईची जागा बघते, नाव आणि वार विचारून बोलणं अडखळत नाही ना ते बघते. मग त्यांना कुशीवर वळवून कंबर बघते. सकाळच्या इंजेक्शनच्या जागी लिंबाएवढी निळी गाठ आलीय. शरीरातलं गोठलेलं रक्त विरघळवणारं औषध सुईचं हे भोकही ओळखतं. ती पेनने गाठीची कड आखते, म्हणजे वाढली तर कळेल, आणि दाबपट्टी बांधते. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला मांसात इंजेक्शन द्यायचं नसतं, ते याच कारणाने.

११.४० : १६ तास ५० मिनिटं

गृहस्थ बोलता बोलता थांबतात. डोळे वर. मॉनिटरवरची रेषा वेडीवाकडी थरथरते आहे. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात : हृदय आकुंचन न पावता नुसतं थरथरतं, आणि रक्त पुढे जात नाही. शॉक मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

सिस्टर "डॉक्टर!" म्हणून धावत जात नाही. ती बेड सपाट करते, हाकेसरशी दुसरीला बोलावते आणि छाती दाबायला लागते : मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या लयीत, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत. दुसरी डिफिब्रिलेटर आणते. २०० ज्यूल. "बाजूला व्हा, सगळे बाजूला." शॉक. रेषेकडे टक लावून न बसता पुन्हा दोन मिनिटं दाब. मग नाडी. आहे. डॉक्टर पडद्याआडून येतात तेव्हा गृहस्थ विव्हळत असतात.

सिस्टरला हा अधिकार कुणी सहजी दिला नव्हता, आणि तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. झटका आलेल्या माणसाला सहा आठवडे बिछान्यात पडून राहायला लावत तेव्हा तो वॉर्डाच्या कोपऱ्यात मरायचा आणि फेरीच्या वेळी सापडायचा. १९६१ मध्ये एडिंबरोच्या डेझमंड ज्युलियन यांनी मांडलं की अशा रुग्णांना एका जागी, सतत मॉनिटरखाली ठेवावं. १९६२ मध्ये कॅन्ससच्या बेथनी हॉस्पिटलात ह्यूज डे यांनी तसा विभाग उघडला. त्याच सुमारास फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर यांनी पुढचा प्रश्न विचारला. बेडजवळ चोवीस तास असते ती नर्स. मग शॉक देण्यासाठी तिने डॉक्टरची वाट का बघायची? रोझ पिनिओ या नर्सना सोबत घेऊन त्यांनी नर्सेसना ईसीजी वाचायला आणि स्वतःच्या निर्णयाने शॉक द्यायला शिकवलं, आणि १९६५ मध्ये नर्सेससाठी त्याचं पाठ्यपुस्तक काढलं. डॉक्टरांचा विरोध झाला. पण अशा विभागांत झटक्याने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या वर्षांत अँजिओप्लास्टी नव्हती, गुठळी विरघळवायचा आजचा इलाजही नव्हता. होती ती एक यंत्रं वाचणारी, हात उचलायची मुभा असलेली नर्स. मला यापेक्षा मोठं नर्सिंगचं काम माहीत नाही.

दुपारी १२.२५ : १६ तास ५ मिनिटं

औषध सुरू केल्यापासून नव्वद मिनिटं. दुसरा ईसीजी. उचललेली रेषा निम्म्याने तरी खाली यायला हवी होती, आली नाही. "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. आता किती?" गृहस्थ सहा म्हणतात. सकाळी आठ म्हणाले होते. गुठळी पुरती सुटलेली नाही.

आता अँजिओप्लास्टीनेच धमनी उघडायची. पुन्हा फोन, पुन्हा सही, विम्याचं कार्ड घरी कपाटात आहे, कपाटाची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये.

३.३५ : १२ तास ५५ मिनिटं

धमनी उघडते. स्टेंट बसतो. पण पलीकडे रक्त जेमतेम, रेंगाळत जातं, कारण ज्या बारीक नळ्यांत ते जायचं त्या दहा तासांत सुजून बंद झाल्यात. हृदयाचा पुढचा बराच भाग हलत नाही. डॉक्टर नातेवाईकांना सांगतात की ब्लॉक काढलाय, पण पुढचे दोन दिवस काळजीचे आहेत. नातेवाईक पहिलं वाक्य ऐकतात.

संध्याकाळी ७.०० : ९ तास ३० मिनिटं

आयसीसीयू. अँजिओप्लास्टीसाठी टोचलेल्या मनगटावरच्या पट्ट्याखालून रक्त येत नाही ना, बोटं गार किंवा निळी नाहीत ना, हे इथली सिस्टर थोड्या थोड्या वेळाने बघते आणि पट्टा टप्प्याटप्प्याने सैल करते. दुखणं आता दोनवर. गृहस्थ चक्क हसतात. घरून डबा येतो, आठ-दहा माणसं दाराशी.

गृहस्थांना संडासला जायचंय, आणि बेडपॅन नकोय. "एवढं चार पावलं तर जाऊ द्या." त्रेपन्न वर्षांच्या कर्त्या माणसाला परक्या बाईसमोर हे किती अवघड असतं ते तिला कळतं. म्हणून ती हसत नाही, रागावतही नाही. पडदा ओढते, पाठ टेकवून बसतं करते, कुंथू नका म्हणून सांगते आणि बाहेर उभी राहते. श्वास रोखून जोर लावला की छातीत परत जाणारं रक्त अडतं, मग एकदम लोटतं, आणि घायाळ हृदय त्याने बिघडू शकतं. पोट साफ राहायचं औषध या रुग्णांना पहिल्या दिवसापासून देतात ते त्यासाठीच.

१०.०० : ६ तास ३० मिनिटं

लघवी. सात ते आठ ४० मिलिलिटर. आठ ते नऊ ३०. नऊ ते दहा १८.

रक्तदाब अजून १००/७८, मॉनिटर गप्प आहे. पण सिस्टर वरचा आणि खालचा आकडा एकत्र वाचते. सकाळी दोघांत ३४ चं अंतर होतं, आता २२ आहे. गुडघ्यावर हात ठेवते, गार. नख दाबून सोडते, गुलाबी रंग परत यायला वेळ लागतो. पाठीला स्टेथोस्कोप लावते, फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर. गृहस्थ उशी उंच मागतात आणि थोडे चिडचिडे झालेत. हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाहीये. रक्तदाब सगळ्यात शेवटी पडतो, आणि तोवर शरीर कातडी आणि मूत्रपिंडं यांच्या वाटणीचं रक्त काढून मेंदूला देत राहतं.

ती डॉक्टरांना फोन करते. "पेशंट ठीक वाटत नाहीये" असं मोघम सांगत नाही. तीन तासांची लघवी, रक्तदाबाच्या दोन आकड्यांतलं अंतर, गार गुडघे, फुप्फुसांतला आवाज, एवढं ओळीने सांगते. डॉक्टर सहा मिनिटांत बेडजवळ.

अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. पुष्कळ ठिकाणी रात्री एकीकडे तीन-चार बेड असतात. दर तासाची लघवी मोजून, गुडघ्यावर हात ठेवून बघणं चार बेडच्या सिस्टरला कितपत जमेल, हे आपल्या माणसाला आयसीसीयूत ठेवणाऱ्या प्रत्येकाने विचारायला हवं. अशा जागेत भरती म्हणजे तिच्या डोळ्यांची भरती, आणि त्यात कपात केली तर मॉनिटर कितीही महाग घेऊन उपयोग नाही.

११.३० : ५ तास

नॉरॲड्रिनलिन, डोब्युटामिन. मास्कमधून श्वासाला दाब. फुप्फुसातलं पाणी काढायला फ्युरोसेमाइड, तेही जपून. रक्तदाब ८२. याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. मोठ्या झटक्यांतल्या शंभरांत पाच ते दहा जणांना तो होतो. जर्मनीत ६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धमनी लवकर उघडून आणि सगळे इलाज करूनही, दहातले चार जण महिन्याभरात गेले. महाधमनीत फुगा बसवून हृदयाला आधार दिला त्यांचंही प्रमाण तेवढंच राहिलं.

सिस्टर औषधाची सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवते, कारण बदलताना अर्धं मिनिट खंड पडला तरी रक्तदाब कोसळतो. हात बांधलेले नसूनही गृहस्थ मास्क ओढत नाहीत, कारण तिने दर वेळी तो का आहे ते सांगितलंय. ती वहिनींना आत बोलावते, भेटीच्या नियमाबाहेर. वहिनी हात धरून बसतात.

२.४५ : १ तास ४५ मिनिटं

लघवी तासाला ४ मिलिलिटर. व्हेंटिलेटर. बाहेर मुलाला डॉक्टर स्पष्ट सांगतात. पुण्याचे काका दिल्लीपर्यंत विमानाने येऊन टॅक्सीत बसलेत.

पहाटे ४.०५ : २५ मिनिटं

या वेळी रेषा थरथरत नाही. ती मंद, रुंद होत जाते आणि नाडी लागत नाही. शॉकने सुटणारा हा प्रकार नव्हे. सकाळी जे बिघडलं होतं ते विजेचं, म्हणून एका शॉकने दुरुस्त झालं. आता स्नायूच उरलेला नाही. तरी दोघी आळीपाळीने छाती दाबतात, दर दोन मिनिटांनी हात बदलत, दर तीन ते पाच मिनिटांनी ॲड्रिनलिन देत. वेळ आणि औषध एक जण मोठ्याने म्हणते, दुसरी लिहिते.

४.३०

डॉक्टर थांबायला सांगतात.

नळ्या आणि सुया काढून झाल्यावर, तोंड पुसून, केस नीट करून सिस्टर घरच्यांना आत घेते. कमरेवर पेनने आखलेली कड अजून दिसत असते, ती चादरीने झाकते. कागदपत्रं, मृत्यूचा दाखला कुठे मिळेल, गाडी कुठून सुटते, हे मुलाला सावकाश दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. मग त्याचं वय विचारते. सव्वीस. शर्टाच्या खिशात सिगरेटचं पाकीट दिसतंय.

"वडिलांना त्रेपन्नाव्या वर्षी झालं. तुमची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल महिन्याभरात तपासून घ्या. मी चिठ्ठी लिहून देते, उपाशीपोटी यायचं. आणि आईंना आज एकटं सोडू नका. त्यांनी रात्रभर काही खाल्लेलं नाही आणि त्यांची बीपीची गोळी काल सकाळपासून राहिली आहे."

ती चिठ्ठी लिहून त्याच्या हातात देते आणि सहा नंबरच्या बेडची लघवी मोजायला जाते.